पाचोळ्याच्या ढिगावर बसलेली कासवी

पातेरा (वर्तकनगर, ठाणे), रविवार रात्री ९:४०

आज सकाळी सोसायटीत माळीकाकांनी बागेतला सगळा पाचोळा झाडून कंपाउंडच्या कोपऱ्यात लावला आणि काडी ओढली, पाचव्या मजल्यापर्यंत धूर, बायकोने वाळत घातलेल्या चादरी परत धुवायला, मी तसाच चप्पल सरकवून खाली गेलो आणि म्हटलं काका जाळू नका हो, तर बाजूला उभे असलेले सेक्रेटरी म्हणाले, "अहो कचराच तो, त्यात काय ठेवलंय!" मला तेव्हा काही सुचलं नाही. सुचलं ते दुपारी वरणभात कालवताना, म्हणून हा धागा. लांबण लागणार आहे, सांभाळून घ्या.

नोकरीमुळे मी तीन वर्षं दिमापूरला होतो, नागालँड. रविवारी करायला काही नसायचं म्हणून रंगापहाडच्या प्राणिसंग्रहालयात जायचो, इतक्या वेळा की तिथली माणसं ओळखायला लागली. तिथं एका बाजूला जंगली कासवं सांभाळतात, पिल्लं वाढवून परत रानात सोडायची म्हणून. शास्त्रीय नाव मनूरिया एमिस. आशियातलं जमिनीवरचं सगळ्यात मोठं कासव हेच. दोन फुटांपर्यंत लांबी, वजन २५-३० किलो आरामात. पाट्यावरवंट्याचा पाटा उपडा घालून त्याला पाय लावले तर दिसेल तसं, काळपट, जड, ओबडधोबड. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला ते काही खास वाटलं नव्हतं, खरं सांगतो.

मग एका मे महिन्यात, तिकडे मेमध्येच चांगला पाऊस असतो, ओळखीच्या एका कर्मचाऱ्याने हाक मारली की या लवकर, बघा. एक मादी उलटी चालत होती. म्हणजे शेपटीकडे सरकत सरकत पायांनी पाचोळा मागे लोटत होती, जरा थांबायची, परत एक फटकारा, परत दोन पावलं मागे. तासाभराने आसपासची सगळी जमीन खराट्याने झाडल्यासारखी लख्ख आणि मधे ओल्या पानांचा हा एवढा ढीग, माझ्या गुडघ्याला लागेल इतका. त्या ढिगात ती अंडी घालते, एका वेळी तीस-चाळीससुद्धा. बाकीची कासवं जमिनीत खड्डा खणतात, ही खणत नाही, घरटं रचते. पानं कुजताना आत ऊब तयार होते, ओल टिकते, आणि दोन-अडीच महिन्यांनी पिल्लं बाहेर.

पण खरी गंमत त्यानंतरची. अंडी घालून ही निघून जात नाही. ढिगावर किंवा ढिगाला टेकून बसून राहते, कित्येक दिवस. कुणी जवळ आलं तर अंगावर येते, ढकलते, चावतेसुद्धा. मी नुसता कठड्यावरून वाकलो तर मान वर काढून अशी आली पुढे की मीच मागे सरलो, पंचवीस किलोच्या दगडाने तुमच्यावर डोळे वटारलेत असं समजा. जमिनीवरच्या कासवांत घरटं असं राखणारं फार विरळ.

माझी आजी (मूळची देवरुखची, पाचोळ्याला पातेरा म्हणायची, माझा आयडी तिथून) म्हणायची की कासवी पिल्लांना दूध पाजत नाही, नुसत्या नजरेने वाढवते. कीर्तनात ऐकलेलं. शाळेत विज्ञान शिकल्यावर मी तिला फार हुशारीने सांगितलं होतं की आजी, कासव अंडी घालून ढुंकूनही बघत नाही. दिमापूरला त्या कठड्याशी उभं राहून मला आजीची फार आठवण आली. अर्थात आजीही अर्धीच बरोबर, कारण ती राखण अंड्यांपुरतीच, पिल्लं बाहेर आली की ज्याचं त्याने बघायचं.

तर त्या पाचोळ्यात काय ठेवलंय, तर हे. या कासवाला ओलं, सावलीचं, डोंगरातलं सदाहरित जंगल लागतं. ऊन सोसत नाही, पावसात आणि संधिप्रकाशात हिंडतं, ओढ्यात डुंबतं, खाणं म्हणजे बांबूचे कोंब, अळंबी, गळून पडलेली फळं, पाला, मधूनच एखादा किडा किंवा बेडूक. सगळं जमिनीलगतचं. जंगल वरून हिरवं दिसत असलं आणि खालचा थर जळला असला तरी या कासवाच्या दृष्टीने ते जंगल गेलंच. आज हे कासव 'गंभीर संकटग्रस्त' यादीत आहे, म्हणजे रानातून नामशेष व्हायच्या अलीकडची पायरी.


ऐरोली_लोकल, रविवार रात्री १०:०५

पहिला! मस्त लिहिलंय. एक बाळबोध प्रश्न, वेळासला कासव महोत्सवात बघितलेलं ते हेच का?


पातेरा, रविवार रात्री १०:२०

नाही हो. वेळासची ती ऑलिव्ह रिडले, समुद्रातली. ती रात्री किनाऱ्यावर येते, वाळूत खड्डा खणते, शंभरेक अंडी घालते, वाळू लोटते आणि समुद्रात परत. पुढचं सगळं गावकरी बघतात, सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ मध्ये सुरू केलं ते. आपल्या मराठीची पंचाईत अशी की समुद्रातलं, तळ्यातलं, जमिनीवरचं, सगळ्यांना आपण कासवच म्हणतो. इंग्रजीत निदान दोन शब्द आहेत.


मिसळ_तर्री, रविवार रात्री १०:३१

कूर्म आहे की! ;) बाकी आमच्याकडे पितळेचं आहे, उत्तरेकडे तोंड करून पाण्याच्या वाटीत. अंडीपण घालत नाही आणि चावतपण नाही, फक्त आठवड्याने वाटीत शेवाळ धरतं.


ठाकुर्ली_फास्ट, रविवार रात्री १०:४४

याला सहा पायांचं कासव म्हणतात असं कुठेतरी वाचलं होतं, खरं की फॉरवर्ड?


पातेरा, रविवार रात्री ११:०२

नाव खरं आहे, पाय चारच. मागच्या मांड्यांवर शेपटीच्या दोन्ही बाजूंना मोठाले टोकदार खवले असतात, मागून बघितलं तर अजून दोन पायांचे पंजे बाहेर आलेत असं वाटतं.


नेरूळची_सून, सोमवार सकाळी ७:१५

धागा वाचून रात्रभर झोप नाही. जरा मदत हवी आहे, विषय तोच आहे पण जरा वेगळा. माझ्या सासऱ्यांकडे (आम्ही नाना म्हणतो) गेली नऊ वर्षं एक कासव आहे. कुणीतरी ओळखीतल्याने दिलं होतं, घरात लक्ष्मी टिकते म्हणून. पाठीवर पिवळ्या रेषा, चांदण्यांसारख्या. पलंगाखाली राहतं, काकडी आणि टोमॅटो खातं. नानांचा प्रचंड जीव आहे, आई गेल्यापासून जास्तच, संध्याकाळी त्याच्याशी बोलत बसतात. पण त्याची पाठ आता खडबडीत झालीये, एकेक चौकोन डोंगरासारखा वर आलाय आणि ते चालताना पोट घासतं. ठेवणं बेकायदा आहे का हो? आणि असलं तर काय करायचं?


खारघर_ट्रेकर, सोमवार सकाळी ८:०२

सोप्पंय. आमच्या खारघरच्या टेकडीवर आणून सोडा, नाहीतर पारसिकला. मोकळं होईल बिचारं.


जनावरांचा_डॉक्टर, सोमवार सकाळी ९:३०

ट्रेकरभाऊ, कृपया असले सल्ले देऊ नका. हेतू चांगला आहे पण ते कासव मरेल.

नेरूळताई, हे स्टार कासव. ते आपल्या कोकणातलं नाहीच, एकीकडे गुजरात-राजस्थानचा कोरडा भाग आणि दुसरीकडे आंध्र, तमिळनाडू, कर्नाटकाची काटेरी झुडपांची राने, तिथलं. म्हणजे पातेरा यांचं कासव ओल शोधतं तर हे माळरानावरचं. खारघरच्या टेकडीवर जुलैत काय पाऊस असतो ते तुम्हाला माहीत आहे. शिवाय नऊ वर्षं पलंगाखाली राहिलेल्या जनावराला स्वतःचं खाणं शोधता येत नाही, आणि त्याच्या अंगात काही आजार असला तर तो तिथल्या प्राण्यांना लागतो, ते वेगळंच.

पाठीचे डोंगर झालेत ते चुकीच्या खाण्यामुळे आणि ऊन न मिळाल्यामुळे. यांना गवत, पाला, चोथा लागतो. काकडी-टोमॅटो म्हणजे नुसतं पाणी, कॅल्शियम नाही, आणि ऊन नाही म्हणून आहे ते कॅल्शियमही हाडात जात नाही. कासवाचं कवच म्हणजे घर नव्हे, लोकांना वाटतं ते काढून ठेवता येतं, कार्टूनमध्ये बघून. त्याच्या बरगड्या आणि पाठीचा कणाच त्या कवचाला जोडलेला असतो. म्हणजे ही पाठ वाकडी झालीये ती हाडं वाकडी झालीत.

कायद्याचं म्हणाल तर हो, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ते घरात ठेवता येत नाही, विकत घेतलेलं असो की भेट आलेलं. २०१९ मध्ये साइट्सच्या (वन्यजीवांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) पहिल्या परिशिष्टात गेलंय, म्हणजे देशाबाहेर त्याचा धंदाही बंद. कारण साधं आहे, जगात सगळ्यात जास्त चोरटी विक्री होणाऱ्या कासवांत हे येतं. वनखात्याचा १९२६ नंबर आहे, त्यावर फोन करा, आपणहून द्यायचं आहे म्हणून सांगा.

नानांना मात्र आधी विश्वासात घ्या. ते दवाखान्यात असताना परस्पर देऊन टाकलं, असं माझ्याकडच्या एका घरात झालं होतं, फार वाईट झालं ते.


खारघर_ट्रेकर, सोमवार सकाळी ९:५१

चूक कबूल. कान पकडले.


मिसळ_तर्री, सोमवार सकाळी १०:१०

तलावांत सोडतात ती कानामागे लाल पट्टा असलेली छोटी कासवं कुठली? मासुंद्याला दगडावर ऊन खात बसलेली बघितलीत मी.


जनावरांचा_डॉक्टर, सोमवार सकाळी १०:२५

ती अमेरिकेची. रुपयाएवढी असताना मत्स्यालयाच्या दुकानातून पोरांसाठी आणतात, ताटाएवढी झाली आणि टाकीला वास मारायला लागला की तलावात. तिथं आपल्या देशी पाणकासवांचं खाणं आणि जागा खातात. एका दुकानदाराला मी विचारलं हे किती वाढतं, तर म्हणे "साहेब एवढंच राहतं." नाव घेत नाही, पण खोटं बोलायला काही मर्यादा?


पाड्यावरचा_मास्तर (येऊर), सोमवार दुपारी १:४०

लेख आवडला पण एक बोच आहे. 'खालचा थर जळला' हे वाक्य तुम्ही लिहून पुढे गेलात, आता कुणीतरी येऊन म्हणणार की तिकडचे आदिवासी झूम म्हणजे फिरती शेती करतात, त्यासाठी जंगल जाळतात, त्यांच्यामुळे कासव संपलं. आमच्याकडे दरवर्षी हेच. मार्च-एप्रिलमध्ये येऊरला वणवा लागला की पहिलं बोट पाड्याकडे. शनिवारी रात्री बंगल्यावर पार्ट्या करून सिगारेटी फेकणारे कुणाला दिसत नाहीत.

आमच्या भागात राब भाजतात, रोपं टाकायच्या तुकड्यावर पाला, गवत, शेण पसरून पावसाच्या तोंडावर भाजायचं. तुकडा ठरलेला, कडेने जाळरेषा काढलेली, माणूस उभा. त्याला आणि वणव्याला एकच शब्द लावू नका एवढंच म्हणणं.


पातेरा, सोमवार दुपारी २:३०

मास्तर, बोच योग्य जागी लागली. मीच लिहायला हवं होतं.

तिकडचं असं आहे की नागालँडमध्ये बहुतेक जंगल सरकारचं नाही, गावांचं आणि कुळांचं आहे. पूर्वी झूमचा एक तुकडा करून सोडला की परत त्यावर यायला बरीच वर्षं जायची, तोवर रान परत उभं राहायचं. आता जमीन कमी पडते, तो फेरा आखूड झाला. पण कासव कमी झालं त्यात शिकारीचा हात मोठा आहे. त्यात वाईट हेतू असतो असंही नाही, माणूस रानातून येताना वाटेत पंचवीस किलो मांस हळूहळू चाललेलं दिसतं, ते पळतही नाही, उचललं आणि घरी नेलं. पिढ्यान्पिढ्या नेलं. फरक एवढाच की हे कासव वयात यायला दहा-पंधरा वर्षं लागतात. रानडुकरासारखं पुढच्या वर्षी भरून निघत नाही. अंडी चाळीस असली तरी त्यातली मोठी होणारी मोजकी, म्हणून एक जाणती मादी गेली की तिच्यामागे पुढच्या कितीतरी वर्षांची घरटी गेली.

आणि म्हणूनच तिथं काम गावांना धरूनच चाललंय. डिसेंबर २०२२ मध्ये त्या रंगापहाडला वाढवलेली दहा पिल्लं पेरेन जिल्ह्यातल्या इंटांकी राष्ट्रीय उद्यानात सोडली. एकदम पेटी उघडून सोडली नाहीत, आधी जंगलातच कुंपणात ठेवून तिथली सवय करून दिली, पाठीवर ट्रान्समीटर बसवून मग. पलीकडे बांगलादेशात चितगावच्या डोंगरांत म्रो आदिवासींमधलेच, पूर्वी शिकार करणारे काही जण आता कासवांची नोंद ठेवतात. जंगल ज्याला पायाखालचं माहीत आहे त्याच्याशिवाय ते कासव सापडतही नाही, आपण शेजारून जाऊ आणि दगड म्हणून सोडून देऊ.


पाड्यावरचा_मास्तर, सोमवार दुपारी ३:०५

आता पटलं. इंटांकीवाली गोष्ट वर लेखात पण घाला.


ठाकुर्ली_फास्ट, सोमवार संध्याकाळी ६:५०

मग आपल्या येऊरमध्ये का नाही सोडत दहा-वीस? एवढं शंभर चौरस किलोमीटरचं राष्ट्रीय उद्यान बाजूला आहे.


जनावरांचा_डॉक्टर, सोमवार संध्याकाळी ७:२२

कारण येऊर पानगळीचं जंगल आहे, फेब्रुवारीनंतर पापड होतो त्याचा. पावसाळ्यात फसाल, अगदी नागालँड वाटेल, पण एप्रिलमध्ये या. त्या कासवाचं मूळ घर ईशान्य भारत, बांगलादेश, म्यानमार, थायलंड, मलेशिया, खाली सुमात्रा-बोर्निओपर्यंत. इथं त्याचं काही नातं नाही. आपल्याकडे आपली आहेत की, ओढ्या-तळ्यांतली, ती बघा. मऊ पाठीचं एक असतं, पायांवर झाकणं असलेलं, पाणी आटलं की चिखलात गाडून घेतं स्वतःला आणि पावसाची वाट बघत पडून राहतं.


घोडबंदरचा_घोडा, सोमवार रात्री ९:१५

मूकवाचक आहे, पहिल्यांदाच लिहितोय, शुद्धलेखन सांभाळून घ्या. इतक्या लांब नागालँडला जायची गरज नाही, आपल्या सह्याद्रीतसुद्धा रानकासव आहे, फक्त महाराष्ट्रात नाही. त्रावणकोर कासव, कर्नाटकापासून खाली केरळ-तमिळनाडूपर्यंत. मी केरळातल्या परांबिकुलमच्या जंगलात बघितलंय, फूटभर लांब, पिवळसर तपकिरी, वर काळे डाग. पहाटे टक, टक, टक असा आवाज यायला लागला, मला वाटलं कुणी लाकूड तोडतंय, वाटाड्या तिथल्या कादर आदिवासी समाजाचा होता, तो हसला आणि बोट केलं, दोन नर एकमेकांना कवचाने धडका देत होते. विणीच्या दिवसांत, नोव्हेंबर ते जानेवारी, त्यांच्या नाकाडोळ्यांभोवती गुलाबी रंग चढतो. म्हणजे हळद लागलेली म्हणा. आणि हे अंडी घालतं मोजून एक ते पाच. तेही संकटात आहेच, वणवे, फास, कुत्री.

पण मला सांगायचं होतं ते दुसऱ्याच कासवाबद्दल. तिथून जवळ चालकुडीच्या रानात एक वीतभरही नसलेलं कासव राहतं, मल्याळममध्ये चूरल आमा, म्हणजे वेताचं कासव. १९१२ मध्ये दोन नमुने मिळाले आणि मग सत्तर वर्षं कुणाला दिसलंच नाही. १९८२ मध्ये जे. विजया नावाच्या मद्रासच्या तरुण मुलीने ते परत शोधलं, कादर लोकांना बरोबर घेऊन, जंगलात एका गुहेत राहून. भारतातली पहिली स्त्री सरीसृप-अभ्यासक. हे पाण्यात फार न जाणारं, पाचोळ्याखाली दबून बसणारं कासव, त्यामुळे वरून चालत गेलात तरी कळायचं नाही. विजया १९८७ मध्ये गेली, तिशीच्या आतच. २००६ मध्ये त्या कासवाला तिच्यावरून नवं प्रजातिनाम (इंग्रजीत जीनस) दिलं, विजयाकेलिस. ही बाई आपल्या शाळेच्या पुस्तकात का नाही हे मला आजतागायत कळलेलं नाही.


ऐरोली_लोकल, सोमवार रात्री ९:४०

हे माहीतच नव्हतं. घोडाभाऊ, मूकवाचन पुरे, स्वतंत्र धागा काढा. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.


पातेरा, सोमवार रात्री ९:५८

+१. माझ्या धाग्यापेक्षा तुमचा प्रतिसाद भारी आहे.


नेरूळची_सून, गुरुवार रात्री ८:३०

अपडेट. नानांना डॉक्टरांचा प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवला, कवच म्हणजे हाडंच हे ऐकल्यावर ते बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, "म्हणजे मी त्याचा कणा वाकडा केला." मी म्हटलं नाना, तुम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. आज वनखात्याची माणसं आली, चांगली वागली, एक अर्ज लिहून घेतला. नानांनी स्वतः खोक्यात ठेवलं, खाली जुनं धोतर अंथरून. आणि त्या पोराला, पंचविशीचा असेल, बजावत होते की काकडी देऊ नका हं, गवत द्या. जसं काही तेच पहिल्यापासून गवत देत होते!


मिसळ_तर्री, गुरुवार रात्री ८:४१

नानांना माझा दंडवत सांगा.


जनावरांचा_डॉक्टर, गुरुवार रात्री ९:००

छान केलंत. वाकलेली हाडं सरळ होणार नाहीत पण पुढची वाढ नीट होऊ शकते. नानांना खिडकीत दाणे-पाणी ठेवायला लावा, चिमण्या येतील, बोलायला कुणीतरी पाहिजेच.


खारघर_ट्रेकर, शुक्रवार सकाळी ७:४५

मूळ मुद्दा राहिलाच की! पातेरासाहेब, तुमच्या सेक्रेटरींचं काय झालं?


पातेरा, शुक्रवार रात्री १०:१५

हा धागा प्रिंट काढून दिला. त्यांनी फक्त घोडबंदरच्या घोड्याचा प्रतिसाद वाचला (!) आणि म्हणाले, ठीक आहे, मागच्या भिंतीलगत एक खड्डा करा, पण वास आला तर बुजवणार. माळीकाका माझ्यावर वैतागलेत कारण काडी लावणं पाच मिनिटांचं काम होतं, आता घमेली वाहायला लागतात, तर पहिल्या दिवशी आम्ही दोघांनी मिळून वाहिली, माझी कंबर अजून धरलीये. एक अडचण आहे. आंब्याची पानं फार आहेत आणि ती लवकर कुजत नाहीत, नुसती चामड्यासारखी पडून राहतात. कुणी केलंय का?


पाड्यावरचा_मास्तर, शुक्रवार रात्री १०:३२

आधी पायाने तुडवून चुरा करा, मग एक थर पानं, एक थर माती, वर शेणाचं पाणी शिंपडा. शेण पाड्यावरून घेऊन जा, रविवारी सकाळी या, मी आहे. बादली झाकणाची आणा, रिक्षावाला घेत नाही नाहीतर.